जुन्या जीप-पिकअपला डिझेल इंजिन टाकायचंय? मग आधी मागच्या चाकापाशी बसा

मामांची ७८ सालची महिंद्राची पेट्रोल जीप, लांब चासीची, मागं लाकडी हौदा बांधलेला. तिनं आयुष्यभर दुधाचे कॅन आणि खताची पोती वाहिली. २००९ ला मामा म्हणाले घेऊन जा बाबा, पेट्रोल पाजून पाजून मी दमलो. मी आणली आणि पुढचे आठ महिने रविवार असा माहीत नव्हता. इंजिन, गिअरबॉक्स, एक्सल, शाफ्ट, ब्रेक, एकेक करत सगळंच बदललं गेलं. तेव्हापासून अशी गाडी घेतलेला कुणी भेटला की पहिला प्रश्न एकच, "कुठलं इंजिन टाकू?" आणि माझं उत्तरही एकच, की इंजिन शेवटी ठरवायचं. आधी चाक, मग क्राऊन-पिनियन (एक्सलमधली दातेरी चाकांची जोडी), मग शाफ्ट (डब्यापासून एक्सलपर्यंतचा फिरता दांडा), मग गिअरबॉक्स, आणि सगळ्यात शेवटी इंजिन. उलट्या बाजूनं निघालात तर इंजिन दोन दिवसात बसतं आणि बाकीचं सहा महिने छळतं.

माझी गाडी म्हणजे विलीज या अमेरिकन जीपच्या वंशातली, हरिकेन पेट्रोल इंजिन, तीन गिअरचा डबा (म्हणजे गिअरबॉक्स), त्याच्या मागं फोर बाय फोरचा ट्रान्सफर केस (पुढच्या आणि मागच्या चाकांना ताकद वाटणारी पेटी). खाली जे लिहितोय ते याच गाडीवर हात काळे करून शिकलेलं आहे. तुमची वेगळी असेल तर आकडे बदलतील, क्रम तोच राहील.

कागद, पाना उचलायच्या आधी

हा भाग कंटाळवाणा आहे पण तो टाळून चालत नाही. मोटर वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ सांगतं की आरसीवर जे लिहिलंय आणि कंपनीनं जे दिलंय त्यापेक्षा वेगळी गाडी करायची नाही, आणि जिथं बदलाला वाव आहे तिथंही मंजुरी आधी घ्यायची. २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानंही हेच ठणकावून सांगितलं. मी केलं तेव्हा वातावरण जरा सैल होतं, तरीही परवानगीचं पत्र हातात आल्यावरच इंजिनला हात लावला होता. आज करणार असाल तर आधी आरटीओत लेखी अर्ज द्या. त्यात इंजिन नंबर, इंधन बदलणार आहे हे, आणि डोनर इंजिन, म्हणजे नवीन टाकणार ते, कुठल्या गाडीचं ते सगळं स्पष्ट लिहा. भंगार बाजारातनं इंजिन घेताना बिल घ्याच, आणि ज्या गाडीतनं निघालं तिची आरसी रद्द झाल्याचा कागदही मागा. कुर्ल्याला किंवा कुठंही विकणारा म्हणेल "कुछ नहीं होता साहब", तर ते त्याच्यासाठी खरंय, होतं ते आपलं होतं. आरसीवर पेट्रोल आणि आत डिझेल अशी गाडी ठोकली तर इन्शुरन्सवाला दारातही उभा करणार नाही.

आणि एक, गाडी ५० वर्षांच्या पुढची असेल आणि अजून मूळ इंजिनावर असेल तर दोनदा विचार करा. २०२१ च्या जुलैमध्ये व्हिंटेज गाड्यांचे वेगळे नियम आले, व्हीए सिरीजचा नंबर मिळतो, नवीन नोंदणीची फी २० हजार, मुदत १० वर्षं. पण अट अशी की चासी, बॉडी, इंजिन यात मोठा बदल केलेला नसावा. एकदा हरिकेन काढून डिझेल टाकलं की ते दार बंद. अर्थात व्हीए नंबरवर रोज दूध घालायलाही जाता येत नाही, ती गाडी रॅली आणि प्रदर्शनापुरतीच. मिरवायची आहे की राबवायची, हे तुमचं तुम्ही ठरवा. परवानगी मिळालीच नाही तरी हताश होऊ नका, हरिकेनच नीट बांधून घ्या आणि खालचं रेशो, शाफ्ट, ब्रेक, रेडिएटरचं वाचा. गाडीतला निम्मा फरक तिथंच आहे, फक्त त्यातही जे कंपनीच्या मूळ गोष्टीपेक्षा वेगळं बसवणार ते त्याच अर्जात विचारून घ्या.

दात मोजा

रेशो म्हणजे चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे. या जीपांना जुना रेशो असतो ५.३८, म्हणजे क्राऊनला ४३ दात आणि पिनियनला ८. पेट्रोल इंजिन मिनिटाला ४००० फेऱ्यांपर्यंत फिरतं म्हणून ते खपून जायचं. महिंद्राचं जुनं डीआय (डायरेक्ट इंजेक्शन) डिझेल ३२०० च्या आसपास थांबतं, त्याचं नावच मुळी एमडीआय ३२००. आता हिशोब करू, सोपा आहे.

मागच्या टायरवर खडूची खूण करा, खाली जमिनीवर पण करा, गाडी सरळ ढकला, खूण परत खाली आली की अंतर टेपनं मोजा. हवा भरलेली, गाडी स्वतःच्या वजनावर उभी, तरच खरं माप येतं. ६.००-१६ चा टायर साधारण २.२ मीटर चालतो एका फेऱ्यात, म्हणजे किलोमीटरला सुमारे ४५५ फेरे. ताशी ६० म्हणजे मिनिटाला एक किलोमीटर, तेव्हा चाक मिनिटाला ४५५ फिरतंय. टॉप गिअर डायरेक्ट (एकास एक) असेल तर ४५५ ला रेशोनं गुणलं की इंजिनचं आरपीएम आलं. ५.३८ ला येतं २४५०. ताशी ८० ला तेच ३२६५. म्हणजे डीआय इंजिन टाकून एक्सल जुनाच ठेवला तर ७८ च्या पुढं गाडी जाणारच नाही, आणि ६० लाच पिठाची गिरणी चालू असल्यासारखा आवाज. ४.८८ टाकला, म्हणजे ३९ आणि ८ दात, तर ६० ला २२२० आणि ८० ला २९६०. ४.२७ ला ६० वर १९४०, ८० वर २५९०. किंवा एक्सल ५.३८ च ठेवून पाच गिअरचा डबा टाकायचा, पाचवा गिअर ०.८ च्या आसपास असला की परिणाम ४.३ सारखाच. एक्सल उघडायचा नसेल त्यांच्यासाठी हा रस्ता चांगला.

कुणी म्हणेल मग मोठे टायर टाकू, तेवढाच रेशो उंच होईल. होतो, पण ब्रेक तेवढेच दुबळे होतात, आणि हौद्यात टनभर माल असताना उतारावर ते कळतं.

आपला रेशो किती हे एक्सल न उघडता कळतं, भंगारात उभ्या गाडीचा पण. गाडी न्यूट्रल, पुढच्या चाकांना दगड, मागचं एकच चाक जॅकवर उचला, दुसरं जमिनीवर घट्ट. शाफ्टवर खडूनं रेघ मारा. उचललेलं चाक बरोब्बर दोन फेरे फिरवा आणि शाफ्ट किती फेरे फिरला ते मोजा, तोच रेशो. पाचला जरा कमी पडला तर ४.८८, पाच होऊन वर एक तृतीयांशपेक्षा थोडं जास्त गेला तर ५.३८. एक चाक का आणि दोन फेरे का, तर डिफरन्शियलमध्ये (एक्सलच्या मधल्या गोळ्यात) एक चाक अडवलं की दुसरं दुप्पट फिरतं, म्हणून. फक्त हँडब्रेक सोडायला विसरू नका, कारण या जीपांचा हँडब्रेक चाकांवर नसतोच, ट्रान्सफर केसच्या मागं शाफ्टवर एक छोटा ड्रम असतो. ब्रेक ओढलेला ठेवून आमच्याकडच्या पोरानं अर्धा तास चाकाशी कुस्ती केली होती.

या हँडब्रेकवरनं आणखी एक. डबा बदलताना ट्रान्सफर केस बदलला तर हँडब्रेकही जातो. नवीन ठिकाणी कुठं बसवणार ते आधी ठरवा, गाडी तयार झाल्यावर नाही.

मग इंजिन

आता इंजिनकडं या. आपल्याकडं खरं म्हणजे तीनच पर्याय असतात. सगळ्यात जुनं एमडी २३५०, ट्रॅक्टरच्या घराण्यातलं. ओढतं झक्कास, मरत नाही, पण जड आहे आणि हादरे असे की आरसा कधी स्थिर दिसायचा नाही. दुसरं पूजो, मूळ फ्रेंच कंपनीचं, इगतपुरीच्या प्लांटमध्ये बनायचं. एक्सडीपी ४.९०, म्हणजे चार सिलेंडर आणि ९० मिलिमीटर बोअर (सिलेंडरचा व्यास), २११२ सीसी, आणि नंतरचं २४९८ सीसीचं एक्सडी३पी. मऊ चालतं, जास्त फिरतं, पेट्रोलची सवय असलेल्याला तेच आवडेल, पण थंडीत हीटर प्लग धड नसले की सकाळी रडवतं. शिवाय आता सामानासाठी फोन फिरवत बसावं लागतं. तिसरं डीआय, २५२३ सीसी. आवाज करतं, घोडे (हॉर्सपॉवर) पेट्रोलपेक्षा कमीच, हरिकेनचे ७५ आणि टर्बोवाल्या बोलेरो डीआयचे पण ६३ च्या आसपास. तरी मी डीआय घेतलं, कारण एकच, कुठल्याही तालुक्याला त्याची हेडपॅकिंग, रिंगा, नोझल दुपारपर्यंत मिळतात आणि कुठलाही फिटर डोळे मिटून खोलतो. पिकअपला वरचे घोडे लागत नाहीत हो, खालची ओढ लागते. चढाला दुसऱ्या गिअरवर १५०० आरपीएमला न कुरकुरता चढली पाहिजे, ते डीआय करतं.

इंजिन एकटं घेऊ नका, त्याचा गिअरबॉक्स, बेल हाऊसिंग (इंजिन आणि डबा यांच्यामधलं घंटेसारखं कव्हर), क्लचची सगळी यंत्रणा, स्टार्टर, पुढचे फाउंडेशन ब्रॅकेट, रेडिएटरचे पाईप, ऑल्टरनेटर, सगळं एका गाडीतनं जोडीनं उचला. मला पाठीमागून ठोकलेली कमांडर डीआय मिळाली, केएमटी ९० चार गिअरचा डबा लागलेला, मी एक्सलसकट सगळं घेतलं. दोन हजार वाचवायला नुसतं इंजिन घेतलेला माझा एक मित्र नंतर अॅडाप्टर प्लेट बनवायला तीन वेळा लेथवर गेला, हिशोब तुम्हीच करा.

घ्यायच्या आधी चालू करून बघा, थंड असताना. विकणाऱ्यानं तुम्ही यायच्या आधीच गरम करून ठेवलं असेल तर समजा काहीतरी लपवतोय. चालू झाल्यावर तेल घालायचं झाकण उघडून ठेवा, धूर भकभक बाहेर येत असेल तर इंजिन बॅक कॉम्प्रेशन मारतंय, म्हणजे सिलेंडरमधला दाब खाली गळतोय, बोअरचं काम काढणार. रेडिएटरचं झाकण थंड असतानाच उघडा, चालू इंजिनला पाण्यात सारखे बुडबुडे येत असतील तर हेडपॅकिंग नाहीतर हेड. गरम झाल्यावर आयडलला ऑइल प्रेशर बघा. रेस मारल्यावर काळा धूर आला तर एवढं घाबरायचं नाही, नोझल आणि पंपाचं काम असतं. निळा आला तर घाबरा.

बसवताना

जुनं काढायच्या आधी चारही कोपऱ्यांची उंची लिहून ठेवा, एक्सलपासून चासीपर्यंत. डिझेल जड असतं, पुढं गाडी बसते, नंतर पुढच्या पाट्यात (लीफ स्प्रिंगमध्ये) एखादं पान वाढवायचं का हे या आकड्यांवरनंच ठरतं. चासी धुऊन, तारेच्या ब्रशनं घासून, स्टिअरिंग बॉक्सच्या आजूबाजूला आणि पाट्यांच्या हँगरपाशी तडे बघा. एवढ्या जुन्या चासीत तडा नसेल तर तुम्ही नशीबवान, मला दोन सापडले.

डबा, बेल हाऊसिंग आणि इंजिन एकत्र जोडूनच चेन ब्लॉकवर खाली सोडा. इंजिन चासीत कुठं बसवायचं हे रेडिएटर आणि पुढच्या एक्सलमधली जागा ठरवते, आपल्याला वाटतं तसं नाही. या गाड्यांचं पुढचं डिफरन्शियल उजव्या अंगाला असतं आणि पुढचा शाफ्ट उजवीकडनं इंजिनच्या शेजारनं जातो, त्यात आपलं स्टिअरिंगही उजवीकडं. म्हणून इंजिन ठेवल्यावर पुढचा एक्सल जॅकनं रबरी बंपला टेकेपर्यंत वर उचला आणि चेंबर (इंजिनखालचं तेलाचं भांडं), शाफ्ट, स्टिअरिंगचा रॉड यांच्यात बोट जातंय का बघा. उभ्या गाडीत सगळं सुटं दिसतं, खड्ड्यात आदळल्यावर नाही. पुढचा शाफ्ट ठेवायचाच असेल तर डोनरच्या ट्रान्सफर केसचं पुढचं तोंड पण उजवीकडंच आहे ना ते घ्यायच्या वेळेलाच बघायचं.

फाउंडेशनचे ब्रॅकेट आधी नुसते टाके मारून धरा, पूर्ण वेल्डिंग सगळ्यात शेवटी. वेल्डिंगच्या वेळी बॅटरी आणि ऑल्टरनेटरच्या वायरी काढून ठेवा. ब्रॅकेट चासीच्या उभ्या बाजूला, मागं पट्टी देऊन लावा, वरच्या-खालच्या काठावर आडवी वेल्ड ओढू नका, तडा तिथूनच सुरू होतो. आणि रबर नवीन घ्या. डिझेलचा हादरा रबरानं नाही पचवला तर चासी पचवते.

ज्यांना वेगळं इंजिन आणि वेगळा डबा जोडायचाच आहे त्यांच्यासाठी सगळ्यात नाजूक जागा बेल हाऊसिंग. त्याच्या मधल्या भोकाचा आणि क्रँकचा मध्य एकच पाहिजे. क्रँकच्या मागं डायल गेज (बारीक माप दाखवणारं सुईचं घड्याळ) लावून क्रँक हळूहळू फिरवा, गेजची सुई पूर्ण फेऱ्यात ०.१२ मिलिमीटरपेक्षा जास्त हलता कामा नये. हलली तर डॉवेल पिन सरकवून बसवा, नुसते बोल्ट आवळून मध्य जुळत नाही. हे चुकलं तर गिअर आपोआप सुटतो, क्लच झटके देतो आणि पायलट बेअरिंग (क्रँकच्या मागच्या टोकातलं) दर सहा महिन्यांनी खलास, आणि फिटर तुम्हाला सांगत राहतो की प्लेट खराब कंपनीची होती. इनपुट शाफ्टचं टोक पायलटमध्ये किती जातंय ते पण मापा. कमी गेलं तर शाफ्ट नाचतो, जास्त गेलं तर टोक क्रँकला टेकतं. फ्लायव्हीलचे बोल्ट ज्या इंजिनचे त्याच लांबीचे.

शाफ्ट, म्हणजे माझी चूक

आता ज्या भागावर मी पैसे आणि इज्जत दोन्ही घालवली तो भाग.

गाडी चार घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) उभी होती, इंजिन-डबा बसलेला, एक्सल लागलेले, चाकं काढून ठेवलेली. मिस्त्री जेवायला गेले होते. मला घाई, उद्यमनगरातला लेथवाला संध्याकाळी सहाला बंद करायचा. मी खाली सरकलो, डब्याच्या फ्लँजपासून पिनियनच्या फ्लँजपर्यंत टेप लावला, माप लिहिलं, जुना शाफ्ट डिक्कीत टाकून निघालो. मिस्त्री परत आल्यावर एवढंच म्हणाले, "दादा, माप गाडी उभी करून घेतलंत ना?" मी म्हटलं हो हो, उभीच आहे की. उभी होती, घोडीवर.

घोडीवर चासी टेकलेली असली की एक्सल खाली लोंबतो, पाटे मोकळे होतात, आणि डब्यापासून पिनियनपर्यंतचं अंतर वाढतं. चाकावर उभी केली, वर माल टाकला की एक्सल वर येतो, शाफ्ट सपाट होतो आणि तेच अंतर कमी होतं. माझा शाफ्ट नवा, बॅलन्स केलेला, रंगवलेला, रिकाम्या गाडीत झक्क बसला, दोन दिवस फिरवली पण. तिसऱ्या दिवशी मामांनी कौतुकानं खताची वीस पोती टाकायला लावली, आणि गावाबाहेरच्या ओढ्याच्या उतारावर एक खड्डा आला. आवाज असा झाला जणू कुणी खालून घण मारला. शाफ्टची सरकणारी बाही पूर्ण आत जाऊन तळाला टेकली होती आणि तिनं गिअरबॉक्सचं मागचं तोंड ढकललं होतं. मागच्या हाऊसिंगला केसाएवढा तडा, तेल टपटप. मामा हौद्याकडं बघत म्हणाले, "मापात माप नव्हतं व्हय रं?" ते वाक्य आमच्याकडं अजून लग्नकार्यात निघतं.

तर शाफ्टचं माप चाकांवर उभी करून, हौद्यात अर्धा माल ठेवून घ्यायचं. त्या स्थितीत सरकत्या बाहीत आत जायला कमीत कमी इंचभर जागा शिल्लक पाहिजे. नंतर पूर्ण माल टाकून एकदा बघा, आणि घोडीवर लोंबवून पण बघा की बाही बाहेर तर निसटत नाही ना. दोन्ही टोकांचे यूजे (युनिव्हर्सल जॉइंट) क्रॉस एका रेषेत पाहिजेत, शाफ्ट खोलून परत जोडताना एक दात जरी फिरला तरी ५० च्या पुढं सीट थरथरते, म्हणून खोलायच्या आधी पंचनं खूण करा. डब्याचं मागचं तोंड आणि पिनियनचं तोंड एकमेकांना समांतर ठेवा, एखाद्या डिग्रीचा फरक चालतो. मोबाईलमधलं लेव्हलचं अॅप यासाठी पुरतं. समांतर नसेल तर पाट्याखाली पाचर देऊन पिनियन वर-खाली करतात, इंजिन वाकडं करून नाही. शाफ्ट अगदी सरळ रेषेत पण नको, थोडा कोन पाहिजे म्हणजे क्रॉसच्या सुया फिरतात, नाहीतर एकाच जागी दाबून खळगे पाडतात. लांब चासीला एकच लांब शाफ्ट असेल तर दोन तुकडे आणि मध्ये सेंटर बेअरिंग करून घ्या, लांब शाफ्ट वेगात दोरीउड्या खेळतो.

क्राऊन-पिनियन आणि मागचा हब

रेशो बदलायचा म्हटलं तर सोपा मार्ग म्हणजे डोनरचा अख्खा एक्सलच खाली टाकणं, रुंदी आणि पाट्यांच्या बैठकी जुळत असतील तर. मी तेच केलं. फोर बाय फोर असेल तर पुढचा आणि मागचा रेशो एकच पाहिजे, हे सांगायला लागू नये पण सांगतो, मागं ४.८८ आणि पुढं ५.३८ ठेवून डांबरी रस्त्यावर पुढचा गिअर टाकलात की काहीतरी फुटणारच.

आतला सेटच बदलायचा असेल तर तो जोडीनंच घ्यायचा, एकाचा क्राऊन दुसऱ्याचा पिनियन असं कधीच नाही. बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) ०.१५ ते ०.२३ मिलिमीटरच्या दरम्यान, डायल गेज लावून क्राऊनवर तीन-चार ठिकाणी बघायचा. मग दातांवर रंग लावून ठसा बघायचा. आमच्याकडचे जुने फिटर शेंदूर तेलात कालवून लावतात, देवाचा तोच शेंदूर. चांगला ठसा देतो, फक्त त्यात शिसं असतं, हात धुतल्याशिवाय चहाला बसू नका. ठसा दाताच्या मध्यावर आला पाहिजे. टोकाला किंवा बुडाला आला तर पिनियनच्या शिम (पातळ चकत्या) बदला आणि परत सगळं पहिल्यापासून. यात घाई करणारा फिटर असेल तर त्याला सरळ सांगा उद्या या. हे काम सकाळी डोकं ताजं असताना करायचं.

जुना एक्सल ठेवणार असाल तर मागचा हब उघडून बघा. तिथं शाफ्टला निमुळता टेपर असतो आणि मध्ये एक चावी. पुढचा नट ढिला राहिला की हब त्या टेपरवर सूतभर सरकत राहतो, चावी कापली जाते, आणि मग इंजिन चालू, गिअर टाकलेला, गाडी जागच्या जागी. डिझेलच्या ओढीनं हे लवकर होतं. टेपरवर रेघोट्या पडल्या असतील तर शाफ्ट बदला, घासून चालवू नका.

तेलाचं एकच लक्षात ठेवा, डिफरन्शियलला जीएल-५ चं ९० नंबर, सिंक्रो (गिअर सहज पडावा म्हणून पितळी रिंगा) असलेल्या गिअरबॉक्सला जीएल-४. जीएल-५ मधली रसायनं पितळी रिंगा खातात. दुकानदार म्हणतो दोन्ही एकच, तर नाहीत.

बाकीचं पटापट

ब्रेक. हे मी इंजिनच्या आधी करायला पाहिजे होतं. जुन्या जीपला ९ इंची ड्रम आणि एकच ब्रेक लाईन, एक पाईप फुटला की चारही चाकं मोकळी. डबल सर्किटचा मास्टर सिलेंडर आणि बूस्टर टाका. पण डिझेलला पेट्रोलसारखं मॅनिफोल्डमध्ये व्हॅक्युम नसतं, त्यामुळं बूस्टरला वेगळा व्हॅक्युम पंप लागतो. डोनरचा ऑल्टरनेटर घेतलात तर तो पंप त्याच्या मागंच लागलेला असतो, म्हणून तर म्हटलं सगळं जोडीनं उचला. त्या पंपाला इंजिनमधून तेलाचा पाईप येतो आणि परत जातो, तो जोडायला विसरलात तर पंप एका दिवसात भाजतो.

रेडिएटर जुनाच तांब्याचा असेल तर नवीन जाडजूड कोअर घालून घ्या. पंख्याला कव्हर पाहिजे, आणि पंखा ते रेडिएटर इंचभर अंतर. थर्मोस्टॅट काढून टाकायची आपल्याकडं एक साथ आहे, "गाडी थंड राहते" म्हणून. नका काढू. थंड राहिलेलं डिझेल धूर करतं आणि बोअर लवकर झिजवतं. गाडी तापत असेल तर कारण शोधा.

टाकी. पेट्रोलची टाकी उतरवून धुऊन सुकवा, डिझेल पंपाला पेट्रोलचा थेंब पण नको, कारण त्या पंपाला वंगण डिझेलचंच असतं. पेट्रोलच्या टाकीला परतीचा पाईप नसतो, डिझेलला लागतो, तो ब्रेझिंग करून घ्या, पण टाकी पूर्ण रिकामी करून, पाण्यानं भरून, जाणत्या माणसाकडूनच. रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा वाईट. वाटेत पाणी वेगळं करणारा फिल्टर लावा. वायरिंग ६ व्होल्टचं राहिलं असेल तर सगळं १२ वर न्या. डिझेलच्या स्टार्टरला मोठी बॅटरी आणि इंजिनपासून चासीला जाड अर्थची पट्टी लागते. अर्थ कमी पडला की करंट क्लचच्या किंवा अॅक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो, केबल लाल झालेली मी डोळ्यांनी बघितलीय. बंद करायची स्टॉप केबल हाताला येईल अशी ठेवा, चावी फिरवून डिझेल बंद होत नाही हे मामांना समजावायला मला महिना लागला.

पहिला स्टार्ट

स्टॉप केबल ओढून ठेवा म्हणजे डिझेल जाणार नाही, आणि स्टार्टर मारा, दहा-दहा सेकंद, मध्ये दम खाऊ द्या, ऑइल प्रेशरची सुई हलेपर्यंत. मग फिल्टरवरच्या हातपंपानं डिझेल ओढून एअर काढा, आधी फिल्टरची, मग पंपाची, शेवटी नोझलचे नट अर्धे ढिले करून स्टार्टर मारत. फेस थांबून स्वच्छ धार आली की आवळा. आमचं तिसऱ्या झटक्याला फुर्रकन पेटलं आणि अंगणातली कोंबडी छपरावर.

पहिले ५०० किलोमीटर रिकामी चालवा. दहा किलोमीटरवर थांबा, पिनियनपाशी आणि चारही हबला हात लावा. कोमट ठीक, हात ठेववत नसेल तर बेअरिंग घट्ट आहे. अॅक्सिलरेटर दिल्यावर एक रडका सूर आणि सोडल्यावर दुसरा येत असेल तर क्राऊन-पिनियनचा ठसा परत बघावा लागणार. शंभर किलोमीटरवर पाट्यांचे यू-बोल्ट, शाफ्टच्या फ्लँजचे बोल्ट, फाउंडेशनचे नट परत आवळा, ते ढिले झालेले असतातच, कितीही ताकद लावली असली तरी. ५०० वर इंजिन आणि डिफरन्शियल दोन्हीचं तेल बदला आणि निघालेलं तेल पांढऱ्या ताटलीत उन्हात धरून बघा. चंदेरी धूळ दिसली तर चालतं. तुकडा नखानं उचलता आला तर गाडी परत घोडीवर घ्या.